स्पीकरची जागा आणि घराचा चौक

घरात नवा स्टिरिओ संच आला, की पहिला आठवडा कौतुकात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू होते. डग्गा घुमतो, गायकाचे शब्द गढूळ वाटतात, झांजा कानाला टोचतात. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो आणि त्याहून महागड्या संचाची चौकशी सुरू होते. वस्तुतः कानापर्यंत पोचणारा आवाज एकट्या स्पीकरचा नसतो. भिंती, जमीन, छत आणि खोलीतील सामान यांवर आपटून परतलेला आवाज त्यात मिसळलेला असतो, आणि मंद्र सप्तकातील स्वरांच्या बाबतीत तर खोलीचा वाटा स्पीकरहून अधिक ठरू शकतो. स्पीकर हातभर पुढे ओढला किंवा कोपऱ्यातून बाहेर काढला, तर तोच संच वेगळा वाजू लागतो. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. मात्र आवाज खोलीत कसा वागतो याची थोडी समज लागते.

ही समज करून घेण्यासाठी तमिळनाडूतील कावेरीकाठची जुनी घरे उत्तम उदाहरण ठरतात. कुंभकोणम शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर साक्कोट्टै हे गाव आहे. शैव संतकवी सुंदरर यांच्या पदांत गौरवलेल्या अमृतकलशनाथर मंदिरासाठी ते ओळखले जाते. या परिसराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. 1855 मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी तंजावर आणि कुंभकोणम भागातील मराठीभाषक कुटुंबे तेथेच राहिली. महाराष्ट्रातून गेलेल्या कीर्तनाने तेथील हरिकथेला वळण दिले. कुंभकोणमजवळच्या मरुदनल्लूर येथील सद्गुरू स्वामी ज्या भजनपरंपरेचे आधारस्तंभ मानले जातात, त्या परंपरेत संस्कृत, तेलुगू आणि तमिळ पदांबरोबर मराठी अभंगही म्हटले जातात. तेव्हा या भागातील एखाद्या घरात सकाळी कर्नाटक संगीत आणि सायंकाळी अभंग ऐकू आले, तर नवल नाही.

या भागातील अग्रहारांतील पारंपरिक घर रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि मागे लांबवर गेलेले असते. दर्शनी भागी तिण्णै म्हणजे ओसरी, आत कूडम म्हणजे माजघरासारखी मुख्य बैठकीची जागा, आणि तिला लागून मुट्रम म्हणजे आकाशाला उघडा चौक. भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या, जमीन लाल ऑक्साइडची गुळगुळीत घोटलेली, शेजारच्या घराशी भिंत सामाईक. गुळगुळीत गिलावा आणि घोटलेली जमीन यांच्यावर पडलेला आवाज जवळजवळ पूर्ण परत फिरतो. अशा घरात संगीत ऐकणे त्रासदायक व्हावे, पण तसे होत नाही, आणि त्याचे कारण तो उघडा चौक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक काम सोपवण्यात आले. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा एकही शब्द धड कळत नव्हता. उच्चारलेला शब्द कित्येक सेकंद रेंगाळत राही आणि पुढच्या शब्दांवर चढे. सॅबाइनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा रात्री आणून त्या दालनात ठेवल्या आणि किती उशांनी निनाद किती घटतो हे मोजले. पुढे त्याने आवाज शोषून घेण्याचे माप म्हणून उघडी खिडकी वापरली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण. साक्कोट्टैसारख्या गावातील घराचा चौक ही सॅबाइनच्या अर्थाने एक मोठी उघडी खिडकीच आहे.

सॅबाइनचे सूत्र सोपे आहे. खोलीच्या घनफळाला 0.161 ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. निनाद विरण्यास किती सेकंद लागतात ते कळते. 5 मीटर लांब, 3.6 मीटर रुंद आणि 3.2 मीटर उंच अशी रिकामी, चारही बाजूंनी बंद खोली घेतली, तर घनफळ सुमारे 57.6 घनमीटर होते. गिलावा आणि घोटीव जमीन शेकडा चार इतकाच आवाज शोषतात असे धरले, तर एकूण शोषण साडेतीन चौरस मीटरच्या आसपास येते आणि निनाद सुमारे अडीच सेकंद टिकतो. अडीच सेकंदांत द्रुत लयीतील तानेचे कितीतरी स्वर येऊन जातात. ते सर्व एकमेकांत कालवले जातात. त्याच खोलीची एक बाजू चौकाकडे 9 चौरस मीटर उघडी असली, तर निनाद पाऊण सेकंदावर येतो. शोषण एकाच बाजूला एकवटलेले असताना हे सूत्र ढोबळ ठरते आणि चौकाच्या समोरच्या भिंतीवरून थोडा आवाज परततोही. तरीही फरकाची दिशा आणि प्रमाण यांची कल्पना यावी.

अशा घरात स्पीकर कोठे ठेवावेत, याचे उत्तर या हिशोबातूनच निघते. स्पीकर बंद भिंतीच्या बाजूला, तोंड चौकाकडे करून, आणि श्रोत्याने चौकाकडे पाठ करून बसावे. श्रोत्याच्या मागे भिंत नसल्यामुळे पाठीमागून परतणारा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. याउलट मांडणी आडवी केली, म्हणजे एक स्पीकर चौकाच्या कडेला आणि दुसरा भिंतीशी आला, तर भिंतीशी असलेल्या स्पीकरचा खर्ज भारदस्त आणि चौकाकडच्याचा पोकळ वाटतो. संचावरील समतोलाचे बटण फिरवून ही उणीव भरून निघत नाही, कारण ते बटण सर्व स्वरांची पातळी सारखीच बदलते आणि फरक केवळ खालच्या स्वरांत असतो.

दोन स्पीकर कशासाठी?

मनुष्याला आवाजाची दिशा दोन कानांमुळे कळते. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला आधी आणि अधिक जोराने पोचतो. दोन कानांतील हा वेळेचा फरक फार तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन तृतीयांश इतका असतो. पण मेंदू तो अचूक टिपतो. खालचे स्वर वेळेच्या फरकावरून आणि वरचे स्वर जोराच्या फरकावरून ओळखले जातात, हे लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडले. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन याने 1931 मध्ये दोन मार्गांनी ध्वनिमुद्रण आणि पुनःप्रक्षेपण करण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. आजच्या स्टिरिओची पायाभरणी त्यात आहे. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज एकाच क्षणी आला, की मेंदूला तो दोहोंच्या मधोमध, जेथे कोणतीही वस्तू नाही अशा जागेवरून येत असल्याचा भास होतो. स्टिरिओची सारी जादू या भासात आहे आणि तो भास अतिशय नाजूक आहे.

उबदार खोलीत आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर वेगाने जातो. श्रोता एका स्पीकरला दुसऱ्यापेक्षा 30 सेंटीमीटर जवळ असला, तर जवळच्या स्पीकरचा आवाज सुमारे 0.9 मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याने गायक मध्यभागातून उठून जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. आधी पोचलेल्या आवाजाला मेंदू प्राधान्य देतो आणि मागाहून काही मिलिसेकंदांत आलेला तोच आवाज वेगळा मानत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 मध्ये या गोष्टीचा तपशीलवार अभ्यास केला. म्हणून सोफ्याच्या एका टोकाला बसणाऱ्यास दोन स्पीकरांचा खर्च झाला तरी एकच ऐकू येतो.

यावरून पहिला नियम निघतो. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरांमध्ये 2 मीटर अंतर असेल, तर श्रोत्यानेही प्रत्येकापासून 2 मीटरवर बसावे. त्रिकोण फार रुंद झाला तर मध्यभागी पोकळी जाणवते, गायक दोन तुकड्यांत वाटला जातो. फार अरुंद झाला तर तानपुरा, व्हायोलिन आणि मृदंग एकाच ठिपक्यात गोळा होतात. अंतर मोजण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नये. सुतळी ताणून मोजावे. दोन्ही बाजू सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरपर्यंत सारख्या आल्या पाहिजेत.

उंचीचा विचार आपल्याकडे सहसा होत नाही. स्पीकरमधील वरच्या स्वरांचा लहान भाग, ज्याला ट्विटर म्हणतात, श्रोत्याच्या कानाच्या रेषेत असावा. परदेशी संचांची माहितीपत्रके खुर्चीत बसणारा श्रोता गृहीत धरतात. त्याचा कान जमिनीपासून सुमारे 1.1 मीटरवर असतो. कूडममध्ये चटईवर मांडी घालून बसणाऱ्याचा कान मात्र 70 ते 75 सेंटीमीटरवर असतो. झोपाळ्यावर बसणाऱ्याची गोष्ट तर वेगळीच. तो पुढे-मागे होतो तसा त्याचा त्रिकोणही हलतो. घरात बसण्याची जी रीत आहे तीनुसार स्पीकरची चौरंगी ठरवावी, किंवा स्पीकर किंचित मागे अथवा पुढे कलता ठेवावा. कडप्पाच्या फरशीचा एक तुकडा आणि त्याखाली रबराचे चार ठोकळे एवढ्याने काम भागते.

भिंत जवळ आली की

खालच्या स्वरांचे तरंग लांब असतात. सेकंदाला 100 कंपनांचा स्वर घेतला, तर त्याची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर होते. एवढा लांब तरंग स्पीकरच्या तोंडातून एकाच दिशेने जात नाही; तो पेटीला वळसा घालून मागेही पसरतो, भिंतीवर आपटतो आणि परततो. स्पीकर भिंतीला टेकलेला असला, तर परतलेला तरंग मूळ तरंगाला मिळून खर्ज वाढतो. आदर्श परिस्थितीत प्रत्येक लगतचे पृष्ठ 6 डेसिबलपर्यंत भर घालते. कोपऱ्यात, जेथे दोन भिंती आणि जमीन अशी तीन पृष्ठे एकत्र येतात, तेथे डग्गा मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा कितीतरी मोठा वाजतो. ज्यांना हे आवडते त्यांची संख्या कमी नाही. पण तो वादकाचा हात नसून खोलीचा कोपरा असतो.

स्पीकर भिंतीपासून दूर नेला की दुसरी अडचण उभी राहते. भिंतीपर्यंतचे अंतर एखाद्या स्वराच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतके झाले, की परतलेला तरंग मूळ तरंगाच्या नेमका उलट पडतो आणि तो स्वर बुडतो. 1 मीटर अंतरावर हा खड्डा 86 हर्ट्झच्या आसपास, 85 सेंटीमीटरवर 101 हर्ट्झच्या आसपास आणि 60 सेंटीमीटरवर 144 हर्ट्झच्या आसपास पडतो. अमेरिकन अभियंता रॉय ॲलिसन याने 1974 मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतर स्पीकरनिर्मात्यांचे याकडे गंभीरपणे लक्ष गेले. व्यवहारात त्याचे सार असे, की मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरे सारखी असू नयेत. तिन्ही 60 सेंटीमीटर असली तर तिन्ही खड्डे एकाच स्वरावर पडून तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो. 40, 65 आणि 95 अशी अंतरे असली तर खड्डे विखुरतात आणि कानाला जाणवेनासे होतात.

याखेरीज खोलीला स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या दोन समांतर भिंतींमध्ये ज्या तरंगाची अर्धी लांबी नेमकी मावते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. तो काढण्याची रीत सोपी: 345 ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागावे. 5 मीटरला 34.5 हर्ट्झ येते, 3.6 मीटरला 48 हर्ट्झ. मुंबई-पुण्याकडील दहा बाय दहाची खोली या दृष्टीने सर्वांत वाईट. लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांचा सूर एकच, 57 हर्ट्झच्या आसपास, येतो आणि दुप्पट जोमाने घुमतो. दहा बाय बारा ही त्यामानाने बरी. तेथे सूर 57 आणि 47 असे वेगळे होतात.

कावेरीकाठच्या अरुंद घरांतील आतल्या खोल्यांबाबत एक लक्षणीय योगायोग दिसतो. आठ फूट रुंदीच्या खोलीचा आडवा सूर 70 हर्ट्झच्या किंचित वर येतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे 69 हर्ट्झ असतो. तमिळ संगीतकार पट्टीला कट्टै म्हणतात आणि त्यांची मोजणीही पेटीच्या पट्ट्यांवरूनच आलेली आहे; त्यामुळे हा हिशोब हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही गायकांना लागू पडतो. अशा खोलीत मैफलीची ध्वनिफीत लावली, की चार तारांपैकी एकच तार गुरगुरत राहते, आणि ऐकणारा म्हणतो, तानपुरा जुळलेला नाही. तोच गायक अर्धी पट्टी खाली किंवा वर गायला असता तर हीच खोली निर्दोष वाटली असती. येथे स्पीकर बदलून काहीही साधत नाही. श्रोत्याची जागा बदलावी लागते.

कारण खोलीचा सूर सर्वत्र सारखा घुमत नाही. भिंतीलगत तो सर्वाधिक आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणून भिंतीला पाठ टेकून ऐकणाऱ्याला खर्जाचा भडिमार सोसावा लागतो, आणि खोलीच्या लांबीच्या ऐन मध्यावर बसणाऱ्याला संगीत पाय नसल्यासारखे ऐकू येते. लांबीच्या साधारण दोन पंचमांश अंतरावर बसणे ही सुरुवात म्हणून बरी जागा मानली जाते. रुंदीच्या दिशेने मात्र मध्यच साधावा लागतो, अन्यथा त्रिकोण मोडतो. एका दृष्टीने ते सोयीचेच आहे, कारण आडवा सूर मध्यावर सर्वांत क्षीण असतो आणि गुरगुरणारी खर्जाची तार तेथे शांत होते. बाजूच्या भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांची तक्रार आणि मध्यभागी बसलेल्या नातवाचे समाधान, दोन्ही खरी असू शकतात.

शोकेसमधील स्पीकर

मराठी घर असो वा तमिळ, स्पीकर बहुधा शोकेसमध्ये, दूरचित्रवाणी संचाच्या दोन्ही बाजूंना बसवलेले दिसतात. काही ठिकाणी ते कपाटावर, छताच्या कोपऱ्यात चढतात, म्हणजे पुन्हा तीन पृष्ठांच्या सांध्यात. जागेची टंचाई, लहान मुले, केरसुणी आणि फरशी पुसण्याचे फडके यांचा विचार करता हे समजण्यासारखे आहे. तरीही शोकेसचा खण ही एक पोकळ पेटी असते आणि ती स्वतःचा सूर लावते. अनेक लहान स्पीकरांना मागील बाजूस हवेसाठी छिद्र असते. ते लाकडाला टेकले की खालचे स्वर चोंदतात. कुंभकोणमची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत, कॉफीचा डबरा तर घरोघरी. खणात स्पीकरशेजारी मांडलेले असे पितळ एखाद्या स्वराला हमखास साथ देते, आणि स्पीकर फाटल्याचा संशय येतो. स्पीकर खणातच ठेवणे भाग असेल, तर तो खणाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढावा, मागे चार बोटे तरी जागा सोडावी, खाली जाड रबर घालावे, उरलेल्या पोकळीत पुस्तके किंवा घड्या घातलेल्या चादरी भराव्यात आणि भांडी दुसऱ्या खणात हलवावीत.

वरच्या स्वरांचा प्रश्न वेगळा आहे. ते सरळ रेषेत जातात आणि आरशावरील प्रकाशासारखे परततात. आठ फुटी खोलीत स्पीकर बाजूच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आणि श्रोता दोन मीटर पुढे मध्यावर असला, तर भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजामागून दीड मिलिसेकंदातच येऊन पोचतो. इतक्या कमी अंतराने आलेला आवाज वेगळा ऐकू येत नाही. तो मूळ आवाजाचा रंग बिघडवतो. भजनातील झांजा आणि जाल्रा येथेच टोचू लागतात.

मृदंगावर याचा परिणाम विशेष जाणवतो. साध्या ढोलाचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. मृदंग आणि तबला यांवरील शाईमुळे मात्र ते सुरात येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे दाखवून दिले. रामन यांचा जन्म कावेरीकाठच्याच तिरुचिरापल्लीचा. हे उपस्वर एकमेकांशी बांधलेले असल्याने त्यांतील एखादा भिंतीवरील परावर्तनाने बुडाला, तर सुरात मिळवलेला मृदंग लाकडी खोक्यासारखा वाजतो. स्पीकरची जागा तपासण्यासाठी एकल मृदंगवादनाचे किंवा तबलावादनाचे ध्वनिमुद्रण वापरावे, ते याच कारणाने. पाश्चात्त्य पॉप संगीताच्या तबकड्यांनी तपासणी करण्याची दुकानांतील प्रथा भारतीय संगीत ऐकणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नाही.

भिंतीवरील नेमकी जागा शोधण्यासाठी एकाने श्रोत्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने आरसा भिंतीला लावून हळूहळू सरकवावा. बसलेल्यास ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, त्याच ठिकाणाहून आवाज परततो. तेथे पुस्तकांची मांडणी किंवा जाड गोधडी लावावी. जमिनीवर स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये सतरंजी अंथरावी. पातळ चटईचा उपयोग नाममात्र. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवण्याची कल्पना लोकप्रिय असली, तरी त्यांनी खालच्या स्वरांवर काडीचाही परिणाम होत नाही. त्यापेक्षा कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या कोपऱ्यात उभ्या केल्या, तर त्यांच्या जाडीमुळे मधल्या आणि काही खालच्या स्वरांना आळा बसतो. खर्जाच्या तळाला त्याही पुरत नाहीत. माणसेही आवाज शोषतात. बसलेला एक प्रौढ सुमारे अर्धा चौरस मीटर. पाहुण्यांनी भरलेल्या घरात संच चांगला वाजला आणि ते गेल्यावर बिघडला, असा अनुभव येतो तो त्यामुळे.

जागा शोधण्याची रीत

प्रारंभी तारा पाहाव्यात. एका स्पीकरची लाल व काळी तार उलट जोडली गेली असेल, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. खर्ज नाहीसा होतो आणि गायक कोठे आहे ते सांगता येत नाही. ही चूक वाटते त्याहून पुष्कळ घरांत आढळते, आणि ती दुरुस्त केल्यावाचून पुढील सर्व खटाटोप व्यर्थ आहे.

त्यानंतर एकमार्गी, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण लावावे. जुन्या ध्वनिमुद्रणांचा हा उपयोग अनेकांच्या ध्यानात येत नाही. तिरुचिरापल्ली आकाशवाणी केंद्र 1939 मध्ये सुरू झाले. पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये गीतरामायण प्रसारित झाले. त्या काळातील संगीत एकाच मार्गिकेवर ध्वनिमुद्रित होत असे. असे गाणे दोन स्पीकरांतून लावले, की गायक नेमका मधोमध, दोन्ही स्पीकरांपासून सुटलेला आणि मुठीएवढा रेखीव भासला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर अंतरे पुन्हा मोजावीत; पसरट वाटत असेल तर बाजूच्या परावर्तनाकडे पाहावे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात अशी झाकली मूठ राहते, कारण वाद्ये मुळातच इकडे-तिकडे मांडलेली असतात. जी पिढी या गायकांना रेडिओवर ऐकत मोठी झाली, तिला आता कानाने कमी ऐकू येते. शब्द स्पष्ट कळण्याचा प्रश्न तिच्यासाठी हौसेचा नाही.

खर्जाची जागा सापडत नसेल, तर उलटा मार्ग घ्यावा. एक स्पीकर तात्पुरता श्रोत्याच्या जागी ठेवून मृदंग लावावा आणि स्वतः वाकून, भिंतीच्या कडेकडेने, स्पीकरच्या उंचीवर कान धरत फिरावे. जेथे थाप भरीव पण मोकळी ऐकू येईल, तेथे स्पीकर ठेवावा. आवाजाचा स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही युक्ती आधारलेली आहे. पाहणाऱ्याला ती हास्यास्पद वाटते, पण ती काम करते.

यापुढील बदल लहान पावलांनी करावेत: एका वेळी एकच, दोन-तीन सेंटीमीटरचा, आणि प्रत्येक बदलानंतर तेच गाणे, आवाजाच्या त्याच पातळीवर. आधीची जागा विसरू नये म्हणून जमिनीवर खूण करावी. कोलमच्या पिठाची रेघ लाल जमिनीवर छान उठते आणि पुसूनही जाते. शेवटी स्पीकरांची तोंडे आत किती वळवावीत ते ठरवावे. ट्विटर थेट श्रोत्याकडे रोखले तर आवाज रेखीव आणि काहीसा तीव्र होतो. समोर सरळ ठेवले तर मऊ पण पसरट. झांजांचा त्रास होणाऱ्यांनी दोहोंच्या मधली स्थिती शोधावी.

नीट मांडलेले स्पीकर कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतात, आणि सामाईक भिंतीच्या घरांत याला महत्त्व आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून रात्र 10 ते सकाळी 6 अशी मोजली जाते. भिंतीला टेकलेला स्पीकर शेजाऱ्याच्या घरात प्रामुख्याने डग्गाच पोचवतो. तो हातभर पुढे आणला आणि खाली रबर दिले, की शेजाऱ्यांची निम्मी तक्रार दूर होते.

कावेरीकाठची चौकाची घरे आता बदलत आहेत. चोरी, डास आणि पाऊस यांपासून बचाव म्हणून चौकावर जाळी बसते, तीवर प्लास्टिकचे पत्रे येतात, कधी सिमेंटचा स्लॅब पडतो. जाळीने आवाजात फरक पडत नाही. कडक पत्र्याने थोडा आणि स्लॅबने फार पडतो, कारण उघडी खिडकी त्या दिवशी भिंत होते. मग वर्षानुवर्षे एकाच जागी उत्तम वाजणारा संच अचानक गोंगाट करू लागतो. तेथे चौकाकडे पाठ करून बसण्याची जुनी जागाही उपयोगाची राहत नाही. त्रिकोण पुन्हा आखावा लागतो आणि हरवलेल्या नऊ चौरस मीटरची भरपाई पुस्तके, गाद्या व गोधड्या यांनी करावी लागते. ज्यांचा चौक अजून उघडा आहे त्यांचीही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा असते. ईशान्य मोसमी पाऊस चौकात कोसळू लागला, की विलंबित आलाप त्यात बुडून जातो, आणि ऐकणारा संच उचलून आतल्या आठ फुटी खोलीत जातो. तेथे सुतळी आणि पिठाची रेघ नव्याने लागते.